पिशवीतला खंड

पुस्तकात त्यांच्या वाट्याला अकरा ओळी.
माया, अझ्टेक, इंका,
आणि खाली : रिकाम्या जागा भरा.

मी पिंपळगावच्या बाजारातून पिशवी भरून आणली
आणि टेबलावर पालथी केली.
एक टोमॅटो घरंगळत
थेट रेहान मन्सुरीच्या बाकाखाली गेला.
"बाई, आज भाजी?"

टोमॅटो, मिरच्या, बटाटे, एक कणीस,
मूठभर शेंगा, दोन पेरू.
म्हटलं, सहाशे वर्षांपूर्वी
यातलं काहीसुद्धा कादवेच्या काठी उगवत नव्हतं.
वर्ग हसला.
ओवी बोरस्ते उभी राहिली. तिच्या घरचे तीन एकर टोमॅटो.
"मिरचीपण नाही? मग ठेचा?"
"ठेचा नाही."
एवढी शांतता मी तपासणीसाहेब आले तेव्हाही ऐकली नव्हती.

होते ते मिरे.
ही जहाजातून आली मागाहून,
मिऱ्याच्या घरात राहिली आणि मिरची झाली.

"आता पेरू म्हणजे?"
फळ, म्हणाले अर्धे.
देश, म्हणाला नकाशाजवळ बसणारा.
मागून गोरख : "पेरू म्हणजे आपण पेरू. वाफसा आला की."
तिघांनाही पूर्ण गुण.

मायांचे आकडे जमिनीवर मांडले.
चिंचोका म्हणजे एक, खराट्याची काडी म्हणजे पाच,
आणि काहीच नसेल तिथं शिंपला.
वर्ग भडकला. शून्य आपलं आहे!
आहेच की.
पण समुद्रापलीकडे, आपल्याला न विचारता,
कुणी रात्र रात्र चांदण्या मोजत बसलं असेल,
त्यालाही हीच रिकामी जागा सापडली.
त्यानं ती भरली नाही. तिला नाव दिलं.

इंकांकडे वह्या नव्हत्या, दोरे होते.
किती माणसं, किती मका, सगळं गाठींत.
टोमॅटो बांधायची सुतळी बाकांवरून फिरवली :
घरात किती जण, मारा गाठी.
रेहाननं पाच मारल्या,
मग बरीच जागा सोडून सहावी.
मी विचारलं नाही.

शेवटी गोष्ट सांगितली, तिकडचीच :
देवांनी मातीचा माणूस केला, तो विरघळला.
लाकडाचा केला, त्याला मन नव्हतं.
मग मक्याच्या पिठाचा केला,
आणि तो बोलला.

"कणसरी."
कोण म्हणालं?
मंजुळा भोये. सुरगाण्याची.
आईबाप द्राक्षछाटणीला आले की दोन महिने आमच्या पटावर,
हजेरीलाही मान हलवणारी.
"आमच्यात कणसरी असते. दाण्यात राहते.
दाणा तुडवला की रडते, मामा सांगतो."
टेबलाखाली कणसाचे चार दाणे सांडले होते.
सगळ्यांनी पाय वर घेतले.

"मग ते लोक गेले कुठं?"
पुस्तक म्हणतं, नष्ट झाले.
मी म्हटलं, जहाजं आली, घोडे आले, देवी आल्या.
"कोणती देवी?" मंजुळानं विचारलं.
ती नाही गं. रोग.
माझ्या दंडावरचा टोचल्याचा वण दाखवला.
खूप माणसं गेली. सगळी नाही.
चुकलेला खलाशी आपल्याला शोधत होता,
त्यानं आपलं नाव त्यांच्यावर टाकलं,
ते अजून पुसतायत.
आत्ता तिथं मध्यरात्र आहे.
एखादी मुलगी झोपली असेल,
उद्या तिचीही चाचणी असेल.

चाचणी झाली. बहुतेकांनी लिहिलं : नष्ट.
त्याच उत्तराला गुण होते, मी दिले.

मंजुळा तोवर गेली होती, छाटणी संपली.
तिच्या बाकाच्या खाचेत सुतळी सापडली.
नऊ गाठी, दोन जवळजवळ,
एक इतकी घट्ट की नखानंही सुटेना.
मोजता आल्या.
वाचता आल्या नाहीत.